‘वाढलं की वाढतं’ म्हणजे समचलन नव्हे

‘एक वाढलं की दुसरं वाढतं, म्हणजे समचलन. एक वाढलं की दुसरं कमी होतं, म्हणजे व्यस्त चलन.’ सांगली-साताऱ्याकडच्या आठवीतल्या मुलांना विचारून बघा, बहुतेक जण हीच दोन वाक्यं घडाघडा म्हणून दाखवतील. क्लासच्या नोट्समध्ये ती चौकटीत असतात, वहीत लाल पेनानं अधोरेखित केलेली असतात. दोन्ही चूक आहेत.

घरातला विजेचा वापर वाढला की बिल वाढतं, हे खरंच. पण वापर दुप्पट झाला म्हणून बिल बरोबर दुप्पट होत नाही. महिनाभर घराला कुलूप लावून एक युनिटही जाळलं नाही तरी स्थिर आकार येतोच, आणि शंभर युनिटच्या पुढे दरही बदलतो. दुसऱ्या वाक्याचीही तीच गत. टँकरमधून दिलेले हंडे वाढत जातात तसं टाकीतलं पाणी कमी होत जातं. तरी ते व्यस्त चलन नाही, कारण तिथे दोन राशींची बेरीज कायम राहते; व्यस्त चलनात गुणाकार कायम राहावा लागतो. समचलनाला नुसती वाढ पुरत नाही, पट जुळावी लागते. एक दुप्पट तर दुसरं दुप्पट, एक अडीचपट तर दुसरंही अडीचपट, आणि एक शून्य तर दुसरंही शून्य.

माझं म्हणणं असं की समचलनाची उदाहरणं सोडवायला शिकवण्याआधी समचलन ओळखायला शिकवलं पाहिजे, आणि परीक्षेत त्या ओळखण्याला गुण असले पाहिजेत. आज ते जवळपास नाहीत. वर्गात रुळलेला प्रश्न साधारण असा असतो: ‘य हे क्ष शी समचलनात आहे. क्ष = ६ असताना य = ४२, तर क्ष = १५ असताना य किती?’ मुलगा ४२ ला ६ ने भागतो, चलनाचा स्थिरांक ७ काढतो, १५ ने गुणतो आणि १०५ लिहून मोकळा होतो. तीन गुण. यात गणित म्हणावं असं जे होतं ते प्रश्न काढणाऱ्यानं पहिल्याच वाक्यात उरकून टाकलेलं आहे. उरला तो पाचवीचा भागाकार आणि गुणाकार. बाहेरच्या जगात ते पहिलं वाक्य कुणी लिहून देत नाही. आडत्याच्या पट्टीवर, कारखान्याच्या बिलावर किंवा ग्रामपंचायतीच्या पावतीवर ‘हे समचलन आहे’ असा शिक्का नसतो.

पाठ्यपुस्तकाला सगळा दोष देणं मात्र अन्यायाचं होईल. आठवीच्या पुस्तकातल्या ‘चलन’ या प्रकरणात सरावसंच ७.३ चा पहिलाच प्रश्न ओळखण्याचा आहे. चार जोड्या दिल्या आहेत आणि त्यांतल्या व्यस्त चलनाच्या कोणत्या, असं विचारलं आहे: काम करणारे मजूर आणि लागणारा वेळ, हौद भरणारे एकसारखे नळ आणि लागणारा वेळ, गाडीत भरलेलं पेट्रोल आणि त्याची किंमत, वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि त्रिज्या. पहिल्या दोन व्यस्त, तिसरी सम. आणि चौथी? ती दोन्हीपैकी एकही नाही. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, तिप्पट केली की नऊपट. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाशी समचलनात असतं, त्रिज्येशी नाही. अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही चौथी जोडी. आणि वर्गात तिचं काय होतं? विचारलंय व्यस्त चलन, म्हणून ‘१ आणि २’ असं उत्तर लिहिलं जातं आणि सगळे पुढच्या प्रश्नाकडे वळतात. चौथी व्यस्त नाही म्हणजे समच असणार, असं मनाशी ठरवून मूल नववीत जातं.

समीकरणांतही हाच घोळ आहे. ‘य = क × क्ष’ असं चकचकीत रूप समोर आलं तर कुणीही ओळखेल. पण समीकरणं काही नेहमी इस्त्री करून येत नाहीत. ‘य = क्ष ÷ ७’ हे फळ्यावर लिहिलं की अर्धा वर्ग ‘व्यस्त’ म्हणतो, कारण भागाकार दिसला. ते समचलन आहे, स्थिरांक एक-सप्तमांश. ‘क्ष × य = १२’ मध्ये गुणाकार दिसला म्हणून ‘सम’ म्हणणारेही निघतात. ‘२(य + ३) = ६ + १०क्ष’ मध्ये अधिकची चिन्हं बघून मुलं ते बाद करतात; कंस सोडवला तर दोन्हीकडचे ६ उडतात आणि य = ५क्ष उरतं. ‘य = ४क्ष + ३’ मात्र सरळ समचलन धरलं जातं, कारण क्ष वाढला की य वाढतो ना! क्ष = १ ला य = ७, क्ष = २ ला य = ११. सात दुणे चौदा, अकरा नव्हे. संपला विषय.

यासाठी लागणारी हत्यारं फार नाहीत. समीकरण सोडवून य एकटा करा. क्ष च्या जागी शून्य घाला. य शून्य आला नाही तर समचलन नाही. शून्य आला म्हणून मात्र हुरळून जायचं नाही, कारण ‘य = क्ष²’ सुद्धा शून्याला शून्य देतो. मग दोन-तीन किमती घालून य ला क्ष ने भागा आणि प्रत्येक वेळी तीच संख्या येते का बघा. सारणी दिली असेल तर सगळ्या ओळी भागा, एक भागून थांबू नका. २ ला ६, ४ ला १२ आणि ६ ला २० अशी सारणी दिली तर पहिल्या दोन ओळींवर विसंबणारा फसतो. आलेख काढला तर रेष सरळ हवी आणि ती आरंभबिंदूतून गेली पाहिजे. नुसती सरळ असून भागत नाही. एवढं शिकवायला दोन तासिका पुरे होतात.

आता हा सार्वजनिक प्रश्न कसा, ते आमच्या भागातल्या सर्वांत ओळखीच्या कागदावर बघू. केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी (कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के रिकव्हरीला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरवली. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा, खाली आलं तर तेवढेच कमी. मात्र रिकव्हरी साडेनऊच्या खाली गेली तरी दर ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जात नाही.

हे वाचून वाटतं की ‘मूळ दर अधिक जादा रक्कम’ अशी ही रचना आहे, म्हणजे ४क्ष + ३ च्या जातीची, म्हणजे समचलन नाही. भागून बघा. १०.२५ ला टनाचे ३,५५० रुपये: एका टक्क्यामागे ३४६ रुपये ३४ पैसे. १२ टक्क्यांना ४,१५५ रुपये ५० पैसे: एका टक्क्यामागे ३४६ रुपये २९ पैसे. साडेनऊला ३,२९० रुपये ५० पैसे: एका टक्क्यामागे ३४६ रुपये ३७ पैसे. पैशांतला फरक पूर्णांकनाचा. म्हणजे वरवर बेरजेचं दिसणारं हे सूत्र आतून शुद्ध समचलन आहे; ३ रुपये ४६ पैसे हा आकडा ३५५ ला १०२.५ ने भागूनच येतो. आता ९ टक्के घ्या. दर तोच ३,२९० रुपये ५० पैसे, एका टक्क्यामागे ३६५ रुपये ६१ पैसे. समचलन तुटलं. ते तुटतं ती जागा म्हणजे साडेनऊ, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे: रिकव्हरी फार घसरली तरी त्याचा सगळा भार शेतकऱ्यावर पडू नये म्हणून. नातं कुठवर टिकतं आणि कुठं तुटतं, हे ज्याला दिसतं त्याला धोरणही दिसतं.

गोष्ट इथं थांबत नाही. शेतकऱ्याच्या खात्यावर एफआरपी जशीच्या तशी येत नाही, तिच्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती टनाला ८०० रुपये धरू. हा आकडा निव्वळ हिशेबापुरता, प्रत्यक्षात तो कारखान्यागणिक वेगळा असतो. १२ टक्के रिकव्हरीला हातात टनामागे ३,३५५ रुपये ५० पैसे पडतील आणि १०.२५ ला २,७५०. रिकव्हरी १२ वरून १०.२५ वर आली म्हणजे मूळच्या साडेचौदा टक्क्यांनी घटली. हातातली रक्कम घटली अठरा टक्क्यांनी. का? कारण ठरावीक रक्कम वजा झाली की रिकव्हरी आणि पैसा यांचं समचलन राहत नाही. (‘पावणेदोन टक्क्यांनीच तर कमी झाली’ असं म्हणणारे आणखी वेगळ्या घोळात असतात, पण तो टक्केवारीचा धडा.) त्याच बिलात टनांकडे बघितलं तर गोष्ट निराळी: टनामागची कपात ठरलेली आहे तोवर दुप्पट टनाला दुप्पट पैसे, चोख समचलन. एकाच शेतकऱ्याच्या एकाच बिलात पैसा टनांशी समचलनात आहे आणि रिकव्हरीशी नाही. साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत जे हिशेब भाषणात ऐकू येतात, त्यांतले निम्मे हा फरक गिळून उभे असतात. ऐकणाऱ्यानं तो पकडावा असं वाटत असेल, तर त्याची सवय आठवीतच लागली पाहिजे.

नळाची गोष्ट लहान आहे, पण भांडणं मोठी होतात. अर्ध्या इंची कनेक्शनवाला एक इंची मागतो तेव्हा दुप्पट पाणी मागतो असं सगळे धरून चालतात, आणि पाणीपट्टी दुप्पट लावली की न्याय झाला असं वाटतं. पाणी येतं पाइपाच्या तोंडाच्या क्षेत्रफळातून, आणि ते व्यासाच्या वर्गाशी समचलनात असतं. म्हणजे वेग तोच धरला तर चौपट पाणी. आतलं घर्षण हिशेबात घेतलं तर मोठ्या पाइपाला चौपटीहूनही जास्त. सरावसंचातली ती चौथी जोडी इथं ग्रामसभेत येऊन उभी राहते.

आणि कृष्णेवरचा आयर्विन पूल. सांगलीत पावसाळा आला की माणसं कोयना धरणाचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी दिवसातून पाच वेळा बघतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, ते ज्यांनी माळ्यावर बसून काढलं त्यांना विसर्ग हा शब्द कुणी शिकवायला नको. अशा दिवसांत मोबाइलवर एक हिशेब हमखास फिरतो: कोयनेतून अमुक हजार क्युसेक वाढले की आयर्विनला अमुक फूट चढतं, तर तमुक हजार वाढल्यावर किती? त्रैराशिक मांडलं, उत्तर काढलं, सामान वरच्या मजल्यावर न्यायचं की नाही ते ठरवलं.

हे त्रैराशिक इथं लागूच पडत नाही. नदीत धरणाचं पाणी नसतं तेव्हाही पुलाजवळची पातळी शून्य फूट नसते, म्हणजे पहिल्याच कसोटीला नातं नापास. पात्र वर रुंद होत जातं आणि एकदा काठ सोडून पाणी गावभागात, मारुती चौकात पसरायला लागलं की पुढच्या फुटाला मागच्या फुटापेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं. शिवाय खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. तिलाही पूर असेल तर कृष्णेचं पाणी तुंबतं आणि त्याच विसर्गाला पातळी जास्त दिसते. पातळी एकट्या कोयनेच्या हातात नाही. पाटबंधारे खात्याकडे विसर्ग आणि पातळी यांचा आलेख असतो आणि तो वक्र असतो, सरळ रेष नसतो. पुराच्या राजकारणात कोण खरं आणि कोण खोटं हे सांगायला मी बसलेलो नाही. पण दोन राशी सोबत वाढतात म्हणून त्यांच्यात पट शोधायची आणि तिच्या भरवशावर घरात थांबायचं, ही सवय जिवावर बेतणारी आहे आणि ती आपण वर्गात लावतो.

ही काही एकट्या मराठी शाळांची खोड नाही. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना असे प्रश्न घालून बघितले: २०० मीटर बाजूच्या चौरस शेताला खत घालायला शेतकऱ्याला आठ तास लागतात, तर ६०० मीटर बाजूच्या शेताला किती? बहुसंख्य मुलांनी २४ सांगितलं. खरं उत्तर ७२, कारण क्षेत्र नऊपट झालं. आकृत्या काढून दाखवल्या तरी फारसा फरक पडला नाही. तिथल्या वर्गांतही जिकडेतिकडे पटीचीच उदाहरणं असतात, तर मुलांना सगळं जग पटीचं वाटलं यात नवल काय.

‘आमच्या आज्याला तोंडी त्रैराशिक यायचं, त्याला कुठं हे सगळं लागत होतं,’ असं जुन्या पिढीतले लोक म्हणतात. आज्याला यायचं हे खरं, आणि त्रैराशिक हे अव्वल हत्यार आहे यातही वाद नाही. पण ज्यांच्या नावानं आपण त्याचा अभिमान धरतो त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिकाला लागूनच व्यस्त त्रैराशिक दिलं आहे आणि ते कुठं वापरायचं हेही सांगितलं आहे: जनावराचं वय आणि किंमत, सोन्याचा कस आणि वजन, धान्याची रास मोजायचं माप आणि मापांची संख्या. म्हणजे रीत सांगितली, आणि रीत कुठं चालते तेही सांगितलं. आपण पहिलं ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं.

त्यातलं बैलाचं उदाहरण तर मी वर्गात भांडण लावायला वापरावं म्हणतो. दोन वर्षं जू वाहिलेल्या बैलाला चार निष्क (त्या काळचं नाणं) मिळतात, तर सहा वर्षं वाहिलेल्याला किती? उत्तर, एक पूर्णांक एक-तृतीयांश निष्क. हे खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घेऊन आलेल्या माणसाला सांगून बघा. तो बैलाचं तोंड उघडून दात दाखवेल. आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेल्या खोंडाचा भाव वेगळा, दोनदाती-चारदातीचा चढता, जुळलेल्या, म्हणजे सगळे दात आलेल्या बैलाचा वेगळा, आणि म्हाताऱ्याचा पडता. किंमत आधी चढते, मग उतरते; वय आणि किंमत यांचा गुणाकार काही कायम राहत नाही. भास्कराचार्यांचं गणित चोख आहे, पण त्यांनी धरलेलं नातं बाजाराला मान्य होईलच असं नाही. आठवीतल्या मुलाला एवढं म्हणता आलं, तर त्याला चलन कळलं.

शिक्षकांची हरकत मला ठाऊक आहे, आणि ती फुकाची नाही. वर्गात साठ पोरं, त्यांतल्या निम्म्यांना भागाकार नीट येत नाही. त्यांना आधी एक रीत पक्की करून द्यावी, ओळखणं वगैरे पुढं बघू. ‘कोणतंच नाही’ असा पर्याय दिला तर कच्ची मुलं आणखी गोंधळतील. पण अनुभव बघा. रीत आधी पक्की झाली की ती मग जिथं तिथं चालवली जाते, आणि पुढे तिला आवर घालणं दुप्पट अवघड होतं. कच्च्या मुलाला तर ओळखण्याचा प्रश्न जास्त मानवतो, कारण तिथं मोठे आकडे लागत नाहीत. ६ ला ४२ आणि ७ ला ५०, जुळतंय का? एवढंच विचारा. भागाकाराचा सराव त्यातच होऊन जातो, आणि तो कशासाठी करतोय हेही त्याला माहीत असतं.

यासाठी पुण्या-मुंबईहून परिपत्रक यायची वाट बघायचं कारण नाही. आठवीची परीक्षा दहावीसारखी बोर्डाची नसते आणि वर्गातल्या घटक चाचणीचे प्रश्न तर शिक्षक स्वतः काढतात. त्या कागदावरून ‘समचलनात आहे’ हे शब्द खोडायचे. जागा मोकळी ठेवायची आणि मुलानं तिथं सम, व्यस्त किंवा कोणतंच नाही यांपैकी एक लिहून खाली एका ओळीत कारण द्यायचं. पाच उदाहरणांत निदान दोन तरी ‘कोणतंच नाही’ या उत्तराची हवीत. एकच ठेवलं तर मुलं ते हुंगून काढतात. कारण चुकलं आणि उत्तर बरोबर आलं तर गुण कापायचे, आणि ‘हे समचलन नाही, म्हणून पुढचं काढता येत नाही’ असं लिहून पेन खाली ठेवणाऱ्याला तीनपैकी तीन द्यायचे. पालक विचारायला येतील, की पोरानं आकडाच काढला नाही तरी पैकीच्या पैकी कसे. त्यांना त्यांचंच उसाचं बिल काढायला सांगावं.